थिंग नावाची सभा

प्रिय सई,

तुझ्या मूट कोर्टाचा मसुदा वाचला. मांडणी चांगली आहे. पुराव्याच्या कायद्यावरचा भाग मलासुद्धा कळला, म्हणजे तो तू नीट लिहिला आहेस. पण वाचताना माझं लक्ष सारखं समासातल्या लाल शाईकडे जात होतं. 'द थिंग इज', 'द होल थिंग', 'समथिंग लाइक दॅट', जिथे म्हणून 'थिंग' आला आहे तिथे तुझ्या सरांनी काट मारली आहे. एका ठिकाणी तर बाजूला लिहिलं आहे, 'पोकळ शब्द, वकिलाला शोभत नाही.'

मसुद्यापुरतं सरांचं म्हणणं खरं आहे. काटलेलं परत घालू नकोस. पण 'वकिलाला शोभत नाही' हे काही मला पचेना, म्हणून हे पत्र. इंग्रजीत कोर्टकचेरीतच वाढलेला एखादा शब्द दाखव म्हटलं, तर मी हाच दाखवीन.

आज थिंग म्हणजे काहीही. नाव आठवलं नाही की थिंग, नाव घ्यायचं नसलं तरी थिंग. पण हजार-दीड हजार वर्षांपूर्वी थिंग म्हणजे सभा होती. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या उघड्या जागी आसपासच्या मुलखातल्या स्वतंत्र माणसांनी जमायचं, तंटे ऐकायचे, निवाडे द्यायचे, लढाई की तह ते ठरवायचं, अशी सभा. जर्मनीपासून आइसलँडपर्यंत एका कुळातल्या सगळ्या बोलींमध्ये हा शब्द होता. त्याच्या मुळाशी 'वेळ' असावी असं मानतात, कारण जुन्या गॉथिक भाषेत त्याच्या भावकीतला शब्द काळ या अर्थानं येतो. म्हणजे आधी नेमलेली वेळ, मग त्या वेळेला भरणारी सभा. आपल्याकडे नाही का अशील म्हणतो, 'पुढच्या महिन्यात तारीख आहे,' आणि त्याला सुनावणी म्हणायचं असतं?

रोमन इतिहासकार टॅसिटस यानं इ.स. ९८ मध्ये जर्मन टोळ्यांवर एक छोटं पुस्तक लिहिलं, त्यात या सभांचं वर्णन आहे. सभा भरायची ती नवा चंद्र दिसला की किंवा पौर्णिमेला. लोक हत्यारबंद येत. पुरोहित शांत राहायला सांगत. बोलणाऱ्याचं म्हणणं पटलं नाही तर गलका होई, पटलं तर भाले आपटले जात. हे सगळं तो कौतुकानं सांगतो आणि मध्येच त्याची चिडचिड बाहेर पडते: ही माणसं एकदम जमतच नाहीत, सगळे येईपर्यंत दोन-तीन दिवस फुकट जातात, आणि हा म्हणे त्यांच्या स्वातंत्र्याचा दोष. हाउसिंग सोसायटीच्या वार्षिक सभेत कोरमची वाट बघत बसलेल्या कोणालाही टॅसिटसचा हा त्रागा कळेल.

टॅसिटस लिहीत होता लॅटिनमध्ये, त्यामुळे त्याच्या पुस्तकात थिंग हा शब्द नाही. तो दगडावर मिळाला. इंग्लंडच्या उत्तरेला रोमनांनी बांधलेली हेड्रियनची भिंत आहे, तिच्यावरच्या हाउसस्टेड्स किल्ल्यापाशी १८८३ साली कोरीव वेद्या सापडल्या. तिसऱ्या शतकात रोमन फौजेत चाकरीला असलेल्या, आजच्या नेदरलँड्सच्या बाजूच्या शिपायांनी त्या 'मार्स थिंक्सस' नावाच्या देवाला वाहिल्या होत्या. युद्धदेव मार्स, पण थिंगचा. सभेचं रक्षण करणारा देव, असा त्याचा अर्थ बरेच अभ्यासक लावतात. जर्मन भाषेतला मंगळवार, 'डीन्सटाग', याच्याच नावावरून आला असंही मानलं जातं. घरापासून इतक्या लांब, थंडीपावसात पहारा करणाऱ्या त्या शिपायांना आपल्या गावच्या सभेचा देव आठवला, ही बाब मला फार बोलकी वाटते.

आता इंग्लंडचे कायदे. केंटमध्ये सातव्या शतकाच्या उत्तरार्धात ह्लोथहेरे आणि एड्रिक या राजांनी केलेले कायदे रॉचेस्टरच्या बाराव्या शतकातल्या एका हस्तलिखितात टिकून राहिले आहेत. एक माणूस दुसऱ्यावर आरोप ठेवतो आणि 'थिंगमध्ये' त्याची गाठ पडते, तेव्हा आरोपीनं जामीन द्यायचा आणि केंटचे न्यायाधीश ठरवतील तसं वागायचं, असं त्यात कलम आहे. म्हणजे इंग्रजीच्या अगदी जुन्या लेखी पुराव्यात थिंग उभा आहे तो जामिनाच्या कलमात! त्याच काळच्या इंग्रजीत 'थिंगियन' हे क्रियापद होतं. दुसऱ्यासाठी रदबदली करणं, त्याची बाजू मांडणं, समेट घडवून आणणं असा त्याचा अर्थ. आणि असं करणारा तो 'थिंगेरे'. तुझ्या सरांना हे सांगशील का? नको, परीक्षा होऊ दे.

मग सभेची 'वस्तू' झाली कशी? टप्पे काही गूढ नाहीत. सभा, मग सभेपुढे आलेला खटला, मग खटल्यातला विषय, मग कुठलाही विषय, आणि शेवटी टेबलावरची कुठलीही वस्तू. गंमत ही, की जुन्या इंग्रजीतच हे सगळे अर्थ एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसले होते. 'बेओवुल्फ' या महाकाव्यात नायक सांगतो की त्या राक्षसाबरोबर, ग्रेंडेलबरोबर, मी एकटाच थिंग भरवणार. म्हणजे त्याच्याशी झुंज घेणार. न्यायसभेचा शब्द घेऊन केलेली ही खास योद्ध्याची थट्टा: वादी मी, प्रतिवादी राक्षस, आणि तिसरं कोणी नाही. पुढे चौदाव्या शतकाच्या अखेरीला कवी चॉसर आपल्या काव्यातल्या यात्रेकरूंमधल्या वकिलाची तारीफ करतो की तो 'थिंग' बनवण्यात पटाईत होता. तिथे थिंग म्हणजे दस्तऐवज, कोणाला चूक काढता येणार नाही असा. सभा गेली होती, पण वकिलाच्या हातात कागद राहिला होता.

हे फक्त इंग्रजीत झालं असतं तर योगायोग म्हणून सोडून दिलं असतं. पण लॅटिनमध्ये 'काउसा' म्हणजे खटला, कारण. त्यातून फ्रेंच 'शोज' आणि इटालियन-स्पॅनिश 'कोसा' निघाले, आणि दोन्हींचा अर्थ झाला वस्तू. जुन्या इंग्रजीत 'साकू' म्हणजे तंटा, दावा. जर्मनमध्ये त्याच घरातला 'झाखे' आज वस्तू आणि बाब या अर्थानं चालतो, आणि इंग्रजीत तो 'फॉर माय सेक'मध्ये अडकून राहिला आहे. माझ्यासाठी, म्हणजे मुळात माझ्या दाव्यापायी. डच भाषेत 'गेडिंग' म्हणजे अजूनही खटला; तातडीनं चालणाऱ्या सुनावणीला तिथले वकील आजही 'कॉर्ट गेडिंग' म्हणतात. तीन-चार भाषांनी वेगवेगळ्या शब्दांनिशी एकाच वाटेनं जावं, यात मला माणसाच्या स्वभावाचा भाग दिसतो. ज्यावर चार माणसं भांडली नाहीत, त्याला नाव द्यायची गरज माणसाला फारशी पडत नसावी.

आणि आपण? मराठीत तर हे घरबसल्या झालं आहे. 'गोष्ट' घे. संस्कृतात गोष्ठ म्हणजे गाईंची जागा. त्यातून आपला गोठा आला. त्याच गोष्ठापासून 'गोष्ठी', म्हणजे जमलेली मंडळी, बैठक. कामसूत्रात शहरी रसिकांच्या गोष्ठींचं वर्णन आहे: समान वयाची, समान आवडीची माणसं जमतात आणि काव्यशास्त्रावर बोलतात. बैठकीवरून शब्द बैठकीतल्या बोलण्यावर आला. जुन्या मराठीत 'गोठी' म्हणजे बोलणं, संवाद. मग गोष्ट म्हणजे सांगण्याजोगं काही, मग बाब, आणि आज 'दोन गोष्टी आणायच्या राहिल्या' म्हणताना आपल्याला साबण आणि काडेपेटी म्हणायचं असतं. थिंगनं जो प्रवास केला, नेमका तोच. 'पंचायती'चंही बघ. पाच पंचांची सभा ती पंचायत, आणि 'माझी मोठी पंचाईत झाली' म्हणजे अडचण. नसत्या पंचायती करणाऱ्यांबद्दल बोलायलाच नको. इंग्रजांनी सभेतून वस्तू काढली, आपण वस्तूही काढली आणि डोकेदुखीही.

मग इंग्लंडात थिंगचा जुना अर्थ का विझला? एक कारण तुझ्या मसुद्याच्या पहिल्याच पानावर आहे. अँग्लो-सॅक्सन लोकांकडे सभेसाठी दुसरा शब्द होता, 'गेमोट'. तोच जास्त चालला आणि त्यातूनच तुझं 'मूट' कोर्ट आलं. घरात एकाच कामाला दोन माणसं असली की एकानं दुसरीकडे पोट भरायचं. थिंगनं तसंच केलं.

नॉर्स लोकांबरोबर हा शब्द पुन्हा जुना अर्थ घेऊन इंग्लंडला आला, पण जोडशब्दात: 'हूसथिंग', म्हणजे राजाच्या किंवा सरदाराच्या स्वतःच्या माणसांची घरची सभा. त्याची इंग्लंडच्या बखरीतली एक नोंद भयानक आहे. १०१२ साली डेन लोकांनी कँटरबरीचा आर्चबिशप आल्फेज याला कैदेत ठेवलं होतं. आपल्यासाठी कोणी खंडणी भरू नये असं त्यानं बजावलं. चिडलेल्या आणि दारू चढलेल्या त्या सैनिकांनी त्याला आपल्या 'हस्टिंग'पुढे नेलं आणि बैलांची हाडं आणि मुंडकी फेकून मारलं. शेवटी कुऱ्हाडीचा घाव बसला. ग्रिनिचमध्ये त्याच्या नावाचं चर्च आजही आहे. पुढे हाच शब्द लंडन शहराच्या जुन्या न्यायालयाचं नाव झाला, मग त्या न्यायालयातल्या उंच ओट्याचं, मग निवडणुकीत उमेदवार ज्यावर उभे राहत त्या फळ्यांच्या मंचाचं. तिथे मतदार सगळ्यांसमोर, मोठ्यानं आपलं मत सांगत. १८७२ च्या कायद्यानं गुप्त मतदान आणलं आणि मंच गेला. शब्द मात्र राहिला; ब्रिटनमध्ये उमेदवारांची जाहीर प्रश्नोत्तरं होतात त्यांना अजून 'हस्टिंग्ज' म्हणतात.

पण तुला खरी मजा येईल ती आइसलँडमध्ये. नॉर्वेकडून जाऊन वसलेल्या लोकांनी तिथे ९३० च्या सुमारास 'आल्थिंग' सुरू केली, म्हणजे सगळ्यांची थिंग. राजा नव्हता, फौज नव्हती, पोलीस नव्हते. दर उन्हाळ्यात लोक थिंगवेट्लिर नावाच्या मैदानात, खडकाच्या कड्यापाशी तंबू-राहुट्या टाकून जमत. कायदा लिहिलेला नव्हता. 'कायदा सांगणारा' नावाचा एकच नेमलेला अधिकारी तीन वर्षांसाठी निवडला जाई आणि दरवर्षी एक तृतीयांश कायदा कड्यावरून तोंडपाठ म्हणून दाखवी. कायदा कागदावर यायला १११७-१८ चा हिवाळा उजाडला. १००० सालच्या सुमारास ख्रिस्ती आणि जुन्या देवांना मानणारे यांच्यात फूट पडायची वेळ आली तेव्हा निर्णय थोरगेइर नावाच्या कायदा सांगणाऱ्यावर सोपवला गेला. तो स्वतः जुन्या देवांचा. एक दिवस आणि एक रात्र तो अंगावर पांघरूण घेऊन पडून राहिला, उठला, आणि सगळ्यांनी ख्रिस्ती व्हावं असा निवाडा त्यानं दिला. घोड्याचं मांस खायची आणि गुपचूप जुनी पूजा करायची सवलत मात्र सुरुवातीला ठेवली. तडजोड म्हणतात ती अशी.

आणि आता तुझ्यासाठी राखून ठेवलेली कथा. तेराव्या शतकात लिहिली गेलेली 'न्यालची सागा' आहे, तिच्यात मला ठाऊक असलेल्या साहित्यातला सर्वांत सुरस अधिकारक्षेत्राचा आक्षेप आहे. न्याल हा म्हातारा कायदेपंडित. फ्लोसी नावाच्या सरदारानं शत्रुत्वापायी त्याला बायकोमुलांसकट घरात जाळून मारलं. खटला आल्थिंगपुढे आला. फ्लोसीनं एयोल्फ नावाचा हुशार वकील सोन्याचं कडं देऊन फोडला. एयोल्फनं काय केलं असेल? फ्लोसीला त्याचं सरदारपद गुपचूप भावाच्या नावावर करायला लावलं आणि स्वतः उत्तर विभागातल्या एका सरदाराचा माणूस म्हणून नोंद करायला सांगितलं. फिर्यादींनी दावा लावला पूर्व विभागाच्या न्यायालयात. ऐनवेळी एयोल्फ उठला: आरोपी उत्तरेचा आहे, न्यायालय चुकीचं आहे. दावा खलास.

फिर्यादी मग वरच्या, 'पाचव्या न्यायालयात' गेले. तिथे अठ्ठेचाळीस न्यायाधीश बसायचे, पण निवाडा छत्तिसांनीच द्यायचा. दोन्ही बाजूंनी सहा-सहा काढायचे. बचावपक्षानं आपले सहा काढलेच नाहीत. अशा वेळी बाराही फिर्यादीनं काढायचे असा नियम. फिर्यादीचा वकील फक्त सहाच काढून बसला. बेचाळीस जणांनी दिलेला निवाडा रद्द. जळालेली माणसं एकीकडे, वजाबाकी दुसरीकडे.

फिर्यादी पक्षाचा खरा कायदेपंडित होता थोरहॉल. पायाला मोठं गळू झाल्यामुळे तो राहुटीतच पडून होता आणि निरोप्यांमार्फत सल्ला देत होता. हा दुसरा निरोप आला तेव्हा त्याच्या तोंडून शब्द फुटेना. त्यानं भाला उचलला, स्वतःच्या पायातल्या गळवात खुपसला, आणि लंगडत नाही, ताठ चालत न्यायालयाकडे गेला. वाटेत शत्रुपक्षाचा पहिला जो माणूस भेटला त्याला ठार केला. आल्थिंगच्या मैदानावर लढाई जुंपली. ती थांबवली हॉल नावाच्या एका वयस्क माणसानं. त्याचा मुलगा त्याच लढाईत मेला होता. समेट होत असेल तर मुलाच्या मृत्यूची भरपाई मी मागणार नाही, असं तो म्हणाला. सगळ्या खटल्यात कायद्याचा अर्थ कळलेला माणूस मला हाच वाटतो, आणि त्यानं एकही कलम सांगितलं नाही.

ही कथा म्हणजे कोर्टाचा रोजनामा नव्हे, घटनेनंतर अडीचशेहून अधिक वर्षांनी लिहिलेली आहे. पण ती ऐकणाऱ्यांना न्यायाधीश वगळण्याचा नियम माहीत होता, त्यात त्यांना रस होता, हे तिच्यावरून उघड दिसतं. शेतकऱ्यांच्या राहुटीत प्रक्रियेच्या कायद्यावर गप्पा रंगणारा समाज!

हे वाचून भारावून जाऊ नकोस, तेवढं सांगते. युरोपात कैक जणांनी थिंगला आद्य लोकशाहीच्या मखरात बसवलं आहे. गुलामांना तिथे आवाज नव्हता, स्त्रिया न्यायाधीश होऊ शकत नव्हत्या, आणि निवाडा मिळाला तरी अंमलबजावणी ज्याच्या पाठीशी माणसं जास्त त्याचीच. १९३० च्या दशकात नाझींनी याच शब्दाला हाताशी धरून जर्मनीत 'थिंग' नाट्यगृहं बांधली, डोंगरउतारावर, हजारोंनी बसायची. हायडेलबर्गचं १९३५ साली गोबेल्सच्या हस्ते उघडलं. तिथे बोलणारा एक आणि बाकीचे ऐकणारे. भाले आपटायची मुभा असलेली, उलट गलका करू शकणारी सभा ती ही नव्हेच. शब्द चोरता येतो, सभा येत नाही.

सरळमार्गी वापरही पुष्कळ आहे. नॉर्वेची संसद 'स्टोर्टिंग', मोठी थिंग. डेन्मार्कची 'फोल्केटिंग', लोकांची थिंग. स्वीडनमध्ये पहिल्या पायरीचं न्यायालय अजून 'टिंग'च्या नावानं चालतं. आणि तुझ्या पिढीचं ते, 'इज दॅट अ थिंग नाऊ?' सरांना ते अशुद्ध वाटत असेल. मला त्यात जुना अर्थ परत आल्यासारखा वाटतो: चार लोकांनी दखल घेतली, बोलणं झालं, तेव्हा कुठे ती 'थिंग' झाली.

तू पुढे शिकायला इंग्लंडला जाशील तेव्हा वेस्टमिन्स्टर बघशीलच. जमलं तर आयरिश समुद्रातल्या आइल ऑफ मॅनलाही जा. तिथल्या संसदेचं नाव 'टिनवॉल्ड', म्हणजे थिंगचं मैदान, थिंगवेट्लिरचंच भावंड. १९७९ साली त्यांनी तिचं हजारावं वर्ष साजरं केलं. नेमक्या सालाला भक्कम पुरावा नाही, पण सभा फार जुनी आहे यात वाद नाही. दरवर्षी ५ जुलैला, तो दिवस शनिवार-रविवारी आला तर सोमवारी, सेंट जॉन्स गावातल्या चार पायऱ्यांच्या मातीच्या टेकडीवर सभासद उघड्यावर बसतात आणि नवे कायदे इंग्रजी आणि मँक्स अशा दोन भाषांत वाचून दाखवतात. त्या दिवशी ज्याची काही तक्रार असेल, त्यानं टेकडीच्या पायथ्याशी जाऊन ती लेखी द्यायची. तो अर्ज घ्यावा लागतो.

तुझी,
आत्या